शिक्का न मारलेला कागद

११ ऑगस्ट

भिंगरी,

पाकिटावरचं माझं अक्षर बघून तू नाक मुरडलं असशील. मुरड. फोन तू बंद केलास, मेसेज पोचत नाहीत, दारात आले तर आईला पुढे करून "झोपलीये" म्हणून सांगतेस. कागद मात्र बंद करता येत नाही. फार तर फाडता येतो. फाडण्याआधी एकदा वाच, एवढंच.

काल आईचा फोन आला. तुला चौथा महिना लागला हे सख्ख्या बहिणीला आईकडून कळतं! असू दे. आनंद झाला, खरंच झाला, पण तो दीड मिनिटसुद्धा टिकला नाही. कारण पुढची गोष्ट आईने इतक्या कौतुकाने सांगितली, की मी हातातला चहा बेसिनमध्ये ओतला. म्हणे, दवाखान्यातल्या डॉक्टरांनी तुला एचआयव्हीची तपासणी सांगितली आणि जावईबापूंनी त्यांना कसं गप्प केलं! "माझा निगेटिव्ह आहे, मग हिचा कशाला?" असं म्हणून फरशीवाल्याने खिशातून कागद काढला. आणि तू "तपासणी नको" वर सही करून मोकळी झालीस. आई म्हणते, "तुझ्याच लॅबचा कागद होता, तुझीच सही. तुझं नाव निघालं गं तिथे."

शी! माझी सही, आणि ती त्या माणसाच्या मागच्या खिशात, घामट पाकिटात, घडी घालून. 

(हो, मी त्याला अजून फरशीवालाच म्हणते. तुझं लग्न ठरलं तेव्हा तो गाडीभर फरश्यांचे नमुने घेऊन बघायला आला होता, तेव्हा हे नाव मी ठेवलं आणि सगळ्यात जास्त तूच हसली होतीस.)

आता नीट ऐक. अकरा वर्षं मी लोकांचं रक्त काढतेय, निदान यात तरी मला तुझ्यापेक्षा जास्त कळतं. तो कागद नऊ मार्चचा आहे. त्यावर "निगेटिव्ह" लिहिलंय त्याचा अर्थ त्या दिवशी त्या रक्तात काही सापडलं नाही, एवढाच. विषाणू अंगात शिरला की शरीर त्याच्याशी लढायला प्रतिपिंडं तयार करतं, आणि आमचं किट ती प्रतिपिंडं शोधतं. ती तयार व्हायला आठवडे लागतात. पक्कं सांगायचं तर तीन महिने. तोवर माणूस आजारी असतो, दुसऱ्याला आजार देत असतो, आणि कागद "निगेटिव्ह, निगेटिव्ह" म्हणत बसतो. धोक्याच्या प्रसंगानंतर अवघ्या बारा दिवसांनी काढलेल्या कागदाची किंमत रद्दीइतकी.

आणि समजा तो खराच निगेटिव्ह असला, तरी नवऱ्याच्या रक्तावरून बायकोचं रक्त कसं कळेल? त्याच्या चष्म्याचा नंबर तुला चालतो का?

आईने मे महिन्यात सांगितलं होतं, तुला आठ दिवस ताप होता, घसा धरला होता, छातीवर लाल पुरळ आलं होतं, काखेत गाठ लागत होती. मग सगळं आपोआप गेलं आणि आई म्हणाली, "हवेतलं असतं आजकाल." असेलही. नव्वद टक्के तसंच असतं. पण लागण झाल्यावर दोन-चार आठवड्यांनी काही जणांना अगदी असंच होतं, आणि मग वर्षानुवर्षं काही म्हणजे काही होत नाही. माणूस गुटगुटीत दिसतो. तोंडाकडे बघून कळतं असं जो सांगेल त्याच्या तोंडावर मार.

मी आरोप करत नाहीये. मी त्याला तेव्हाच सांगितलं होतं, तीन महिन्यांनी पुन्हा या म्हणून. तो आला नाही, यात माझा काय दोष? तू फक्त जा आणि रक्त दे. पोटात बाळ आहे म्हणून म्हणतेय. आत्ता कळलं तर गोळ्यांनी बाळाला वाचवता येतं. बाळ झाल्यावर कळलं तर पुष्कळदा उशीर झालेला असतो.

मार्चमधल्या त्या रविवारच्या जेवणावरचा तुझा राग मला मान्य आहे. तो वेगळा ठेव. भांड नंतर.

तुझी
फिनेल


१९ ऑगस्ट

भिंगरी,

पत्र परत मिळालं. दोन तुकडे, आणि मागच्या बाजूला तुझ्या शिवणाच्या खडूने लिहिलेलं: "ते म्हणतात तू असं काही सांगितलंच नव्हतंस. कागदावर तसा शिक्काही नाही. खोटारडी."

वा! ते म्हणतात! ज्या माणसाने लॉजवर काय केलं हे तुला अजून सांगितलं नाही, त्याचा शब्द म्हणजे काळ्या दगडावरची रेघ, आणि सख्ख्या बहिणीचा शब्द म्हणजे खोटा. आपला तो बाब्या, दुसरं काय! शिक्का राहिला असेल मारायचा. दिवसाला साठ नमुने असतात, एखाद्यावर राहतो. तोंडाने सांगितलं होतं ना? की तोंडाने सांगितलेलं मोजायचं नाही?

आणि रविवारच्या जेवणाचं मीच काढलंय तर ऐक. हो, मी सगळ्यांसमोर म्हणाले, "तुझा नवरा घाण आहे, विचार त्याला माझ्याकडे कशाला आला होता." आमच्या कामात आलेल्या माणसाचं नाव बाहेर काढायचं नसतं, मी काढलं, चुकले. पण तो काय खाली मान घालून बसला का? हात पुसायच्या आधी कागद काढला आणि आईच्या ताटाजवळ ठेवला. "ताईंनीच दिलाय, बघा. उगाच संशय." चोराच्या उलट्या बोंबा! आणि तू उठून मला दार दाखवलंस.

त्याचा तो तेलकट अंगठा माझ्या सहीवर होता. अजून डोळ्यांपुढून जात नाही.

जाऊ दे. मला बोलायचंच नाही. रक्त दे आणि मला मेलीस म्हण.

फिनेल


२० ऑगस्ट, सकाळ

भिंगरे,

कालचं पत्र टाकून आले आणि पेटीपाशीच उभी राहिले. पेटीत हात घालून काढता आलं असतं तर काढलं असतं.

तो खरं बोलतोय. मी त्याला पुन्हा ये म्हणून सांगितलं नव्हतं.

आता लिहायला घेतलंय तर सगळंच लिहिते, तुला शिसारी आली तरी वाच. तो जेवणाच्या सुट्टीत आला. शटर अर्धं खाली होतं, डॉक्टरबाई (आमच्या लॅबच्या मालकीण, माहीत आहेत तुला) घरी गेल्या होत्या, मी एकटी. वाकून आत आला आणि म्हणाला, "ताई, घरचीच माणसं आपण." तिथेच माझ्या अंगावर काटा आला. मग स्टुलावर बसून, आमच्या पांढऱ्या टेबलावर कोपर टेकून, गाडीच्या किल्लीने कान कोरत कोरत सांगितलं. मालाच्या फेरीला गेला होता, लॉज होतं, एक बाई होती, काही वापरलं नव्हतं. "एकदाच हो, ताई. पुरुषमाणसाचं होतं असं कधीकधी." आणि हसला. तुझ्याच बहिणीसमोर बसून हसला! माझ्या डोळ्यांपुढे तू, पडद्यांच्या ढिगात बसलेली, तोंडात टाचण्या धरून.

बाह्या सरकवून त्याने हात पुढे केला. मी दोन हातमोजे चढवले, एकावर एक. नमुना काढला, किट लावलं, वीस मिनिटं त्याच्याकडे पाठ करून उभी राहिले. एक रेघ आली. निगेटिव्ह.

आता आमची पद्धत सांगते. माणूस अशा प्रसंगानंतर तीन महिन्यांच्या आत आला, तर कागदावर जांभळा शिक्का मारायचा: "तीन महिन्यांनी पुन्हा तपासणी आवश्यक. तोवर निरोध वापरा." आणि तोंडाने समजावून सांगायचं. हे मी हजार वेळा केलंय. दारुड्यांना केलंय, शिव्या देणाऱ्यांना केलंय.

शिक्का हातात घेतला आणि शाईच्या डबीकडे वळले, तर डबीवर त्याची किल्ली. कान कोरलेली. टोकाला पिवळं लागलेलं, आणि ते टोक शाईत.

भिंगरे, माझ्याने त्या डबीला शिक्का टेकवेना. इतकं साधं आहे ते. नुसती सही करून कागद टेबलावरून सरकवला. त्याने वाचला, आणि त्याचं हसू गेलं. पहिल्यांदाच माणसासारखा दिसला. हळू आवाजात म्हणाला, "ताई, बाराच दिवस झालेत. मला पुन्हा यावं लागेल का?"

बघ. बरोबर तोच प्रश्न. मूर्ख नाहीये तो. घाबरलेला होता, आणि विचारत होता.

मी म्हणाले, "नको. परत इथे तोंड दाखवू नका."

तो गेला आणि मला वाटलं, सुंठीवाचून खोकला गेला. डबी चिमट्याने उचलून कचऱ्यात टाकली, टेबल तीनदा पुसलं, स्टूल उन्हात ठेवलं. कानातल्या मळाने कुणाला काही होत नाही. थुंकीने नाही, घामाने नाही, ताटाने नाही, त्या किल्लीने तर नाहीच नाही. रक्त, वीर्य, योनीतला स्राव, आईचं दूध, एवढंच. हे मी लोकांना शिकवते! आणि जे खरंच धोक्याचं होतं, ते कपडे घालून, बारा दिवस पोटात घेऊन माझ्यासमोरून तुझ्या घरी गेलं. त्याच्याकडे मी बघितलंसुद्धा नाही. मी किल्लीकडे बघत होते.

अजून एक. हे आईलाही माहीत नाही. तीन वर्षांपूर्वी मला सुई टोचली होती, एका रुग्णाचं रक्त काढताना, हातमोज्यातून आरपार. तो रुग्ण पॉझिटिव्ह होता. मी तासाभरात गोळ्या सुरू केल्या, अठ्ठावीस दिवस घेतल्या, ओकाऱ्या काढत घेतल्या. आणि रक्त किती वेळा दिलं माहितीये? तीनदा. लगेच, दीड महिन्याने, तीन महिन्यांनी. तिसरी एक रेघ बघेपर्यंत माझा विश्वास बसला नाही. स्वतःसाठी मला तीन कागद लागले. तुझ्या नवऱ्याला, म्हणजे तुला, एकात भागवलं.

तू मला फिनेल म्हणायचीस ते लाडाने. बाकीचे म्हणतात ते खरं म्हणून. लहानपणी तू नाक पुसलेल्या हाताने मला शिवलीस तर मी किंचाळायचे. सगळे हसायचे. त्याचं असं काहीतरी होईल हे कुणाला कळणार होतं.

आज डॉक्टरबाईंना सगळं सांगणार आहे. तू माझं तोंड बघू नकोस, मला शिव्या दे, पण दवाखान्यात जाऊन रक्त दे. माझ्या लॅबमध्ये यायची गरज नाही. कुठेही दे. कुठेही, पण या आठवड्यात.

ताई


४ सप्टेंबर

भिंगरे,

तू आलीस. आणि दुसरीकडे न जाता माझ्याकडेच आलीस. रांगेत नंबर घेऊन बसलीस, परक्यासारखी. मी काऊंटरवरून बघत होते. मला आता किटला हात लावायची परवानगी नाही, तुला दिसलं असेलच. डॉक्टरबाई म्हणाल्या, "तुझा हात चांगला आहे, पण सहा महिने नंबर वाट. माणसांची तोंडं बघायला शीक." त्यांनी काढून टाकलं असतं तर मी काय बोलणार होते?

तुझं रक्त त्यांनी स्वतः घेतलं. पहिल्या किटवर दोन रेघा आल्या, मग दुसऱ्या कंपनीच्या किटवर, मग तिसऱ्या. तिन्हीवर जुळल्याशिवाय आम्ही पॉझिटिव्ह म्हणत नाही. मी काचेतून बाईंच्या पाठीकडे बघत होते. तिसऱ्या वेळी त्यांचे खांदे खाली आले आणि मला कळलं.

तुला वाटलं असेल मी तेव्हा आत यायला हवं होतं. मी बाथरूममध्ये होते. ओकत होते. कोणाची किळस येत होती सांगू? त्याची नाही.

पण हे पत्र त्याच्याबद्दल नाही, कपाबद्दल आहे.

तू बाहेर आलीस आणि म्हणालीस, "चहा देशील का?" सहा महिन्यांनंतरचं तुझं पहिलं वाक्य. वर माझ्या खोलीत आलो. तू रडली नाहीस. खिडकीतल्या कुंडीतलं वाळलेलं पान तोडलंस. चहा प्यालीस. गोळ्या रोज एक, कायमच्या, असं बाईंनी सांगितलं ते तू मला सांगितलंस, जसं काही मला माहीत नाही. रक्तातला विषाणू सापडेनासा झाला की दुसऱ्याला देण्याची भीती राहत नाही, शंभरातली अठ्ठ्याण्णव बाळं सुखरूप निघतात, हेही तूच मला सांगितलंस. मी मान हलवत होते. शहाणी, समजूतदार, सगळं माहीत असलेली बहीण.

आणि तू कप खाली ठेवलास, तर माझ्या हाताने तो दोन बोटांत उचलला. दांडीला धरून. किटलीतलं उकळतं पाणी त्यात ओतलं आणि इतर भांड्यांत न ठेवता खिडकीच्या कट्ट्यावर पालथा घातला. मी विचार केला नव्हता, शप्पथ. डोकं शिकलंय गं माझं, हात अडाणी राहिलेत.

तू बघत होतीस. म्हणालीस, "थुंकीने होत नाही ना, फिनेल? तूच लिहिलं होतंस." आणि चपला घालून गेलीस. पाय आपटले असतेस, दार आपटलं असतंस तर बरं झालं असतं.

नंतर काय केलं ते सांगते. कौतुक नकोय मला. तो कप घेतला, न धुता त्यात चहा ओतला आणि प्याले. पहिला घोट तोंडात घेतला. मला थुंकावंसं वाटलं. अकरा वर्षं मी पाठ म्हणून दाखवतेय ना की याने काही होत नाही? तरी थुंकावंसं वाटलं. मग दुसरा घोट. पाचव्या-सहाव्या घोटाला त्याला नुसती चहाची चव आली. आता रोज त्याच कपात पिते. तू येशील त्या दिवशी जो हाताला लागेल तो कप देईन, आणि कुठला तुझा कुठला माझा हे मला आठवणार नाही. अजून आठवतं. खोटं कशाला बोलू.

ताई


२६ नोव्हेंबर

भिंगरे,

आईकडून निरोप पोचला: गोळ्या चालू आहेत, उलट्या थांबल्या, बाळ लाथा मारतं. बरं झालं. माझ्या पत्रांना उत्तर नाही दिलंस तरी चालेल, गोळीची वेळ चुकवू नकोस.

आई मात्र परवा लॅबमध्ये येऊन काऊंटरवर मोठ्याने विचारत होती, "डास चावून होतं का गं ते?" रांगेतले सगळे कान टवकारून. म्हटलं, "आई, डासाने होत असतं तर आपली अर्धी गल्ली गोळ्यांवर असती." तर म्हणते, "मग तिची चादर वेगळी धुऊ का?" मी म्हटलं, "वेगळी धुऊ नकोस." आणि जीभ चावली. मी कोण सांगणारी?

तुझा नवराही आला होता. त्याच्याबद्दल तुला त्यानेच सांगितलंय म्हणाला, म्हणून लिहितेय, नाहीतर एक शब्द लिहिला नसता. एकदा तोंड उघडून शिकले. सप्टेंबरमध्येच त्याचं पॉझिटिव्ह आलं होतं, गोळ्या सुरू झाल्यात. आता गोदामात फरश्यांच्या खोक्यांत झोपतो म्हणे, तू घरात घेत नाहीस. ठीक करतेस. नाही घेतलंस तर मी तुझ्या बाजूची, घेतलंस तरी तुझ्याच बाजूची.

रांगेत उभा होता, तोंडाला तोच वास, कानात तीच करंगळी. खरं सांगते, मला त्याची आजही तितकीच किळस येते. आजाराची नाही, त्याच्या त्या "एकदाच हो, ताई"ची. ती जायची नाही. पण किळस माझी आहे, तिची किंमत दुसऱ्या कुणी का भरावी? त्याला नंबर दिला. बावीस. "बसा," म्हटलं. त्याने माझ्याकडे बघितलं आणि म्हणाला, "त्या दिवशी तुम्ही ये म्हणाला असतात तर मी आलो असतो, ताई." त्याच्या आवाजात राग नव्हता. मी रागाची वाट बघत होते.

त्याने लॉजवर जे केलं ते त्याचं. तुझ्यापासून लपवलं ते त्याचं. पण तीन महिन्यांनी, म्हणजे जूनमध्ये तो आला असता, तरी तू मे महिन्यातच आजारी पडली होतीस, म्हणजे तुझं टळलं नसतं. हा हिशोब मी शंभरदा केलाय, स्वतःला सोडवण्यासाठी. सुटत नाही. कारण शिक्क्यावर दुसरंही वाक्य आहे. "तोवर निरोध वापरा." ते त्याने वाचलं असतं.

हे मी इतके दिवस लिहिलं नव्हतं. आता लिहिलं. तुला माहीत असायला हवं.

ताई


१७ मार्च

भिंगरे,

आईच्या हाती तू पाठवलेला कागद मिळाला. दीड महिन्याच्या जिवाच्या टाचेतून काढलेले थेंब, कार्डावर वाळवून मोठ्या लॅबला पाठवलेले. लहान बाळाच्या रक्तात आईचीच प्रतिपिंडं फिरत असतात, म्हणून तिथे साधं किट चालत नाही, थेट विषाणूच शोधतात. "विषाणू आढळला नाही." खाली कुणा अनोळखी माणसाची सही.

मी तो काऊंटरवर उभी राहून वाचला आणि मागच्या खोलीत जाऊन बसले. नंबर सत्तावीस ओरडत होता बाहेर. ओरडू दिलं.

मग कागद उलटा केला. मागे तुझं अक्षर, खडूचंच. "वाच आणि खरं सांग. यावर विश्वास ठेवू का?"

सगळ्या जगात हे तू मला विचारलंस. मला! दोन ओळींचं उत्तर लिहायला मला तीन दिवस लागले.

ठेव, पण मोजून ठेव. आजच्या दिवसापुरता तो कागद खरा आहे, आणि चांगला आहे, खूप चांगला. तुझ्या गोळ्यांनी काम केलंय. पण बाळाला तू दूध पाजतेस. डॉक्टरांनी सांगितलंय तसं पाज, तुझी गोळी एक दिवस चुकवू नकोस, बाळाचं औषध त्यांनी सांगितल्याशिवाय बंद करू नकोस. सहा महिन्यांचं झालं की पुन्हा रक्त. दीड वर्षाचं झालं की पुन्हा. दूध सोडल्यावर पुन्हा. प्रत्येक वेळी कागद चांगला असेल, आणि तरी पुढच्या वेळी यायचं. शेवटचा कागद कुठला ते डॉक्टर सांगतील, तू ठरवू नकोस, मी ठरवणार नाही, आणि खिशात घालून फिरणारा कुणी तर नाहीच.

माझे सहा महिने या महिन्यात संपले. काल डॉक्टरबाईंनी मला टेबल परत दिलं आणि शाईची नवी डबी दिली. म्हणाल्या, "यावर कुणी काय ठेवेल ते ठेवो, शिक्का मारायचा."

तुझा कागद परत पाठवतेय. तो आमच्या लॅबचा नाही, त्यावर शिक्का मारायचा मला अधिकार नाही, म्हणून मागच्या बाजूला, तुझ्या खडूखाली, हाताने लिहिलंय. एका वर्षापूर्वी एका घाबरलेल्या माणसाने मला विचारलं होतं तेव्हा द्यायचं उत्तर. त्यालाही दाखव.

"हो. पुन्हा यावं लागेल. या."

ताई